एकशे अठ्ठेचाळिसावं जहाज

उत्तमराव गावंडे यांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या कार्यालयात एकही चूक राहिली नाही. होत रोज होत्या. राहिली एकही नाही. कारण उत्तमरावांचं टेबल शुद्धिपत्रकाचं होतं. एखाद्या आदेशात मोर्शीच्या जागी वरुड पडलं, की उत्तमराव शांतपणे कागद ओढत आणि लिहीत, ‘वरुड ऐवजी मोर्शी असे वाचावे.’ झालं, मोर्शी पुन्हा जागेवर. एकदा अचलपूरकडचा एक शिपाई निवृत्तांच्या यादीत मयत दाखवला गेला. उत्तमरावांनी त्याला दोन ओळींत हयात केला. तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, मी त मेलोच नवतो.”

“ते आमाले कागदावरून दिसत नाई,” उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी पेढा घेतला.

अशा माणसाच्या हाती वयाच्या बासष्टाव्या वर्षी एक असा खेळ पडला, ज्यात काही म्हणजे काहीच दुरुस्त होत नाही.

खेळ त्यांच्या मुलीचा, अपेक्षाचा. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात कपाशीच्या बोंडअळीवर पीएच.डी. करत होती. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना तिने अमरावतीला, साईनगरच्या घरी आणून टाकला. “बाबा, बातम्या वाचत जा यावर,” असं म्हणाली. उत्तमरावांनी चार दिवस बातम्या वाचल्या. पाचव्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक रॉकेटचं चित्र दिसलं ते दाबलं.

खेळ ऐकायला साधा होता. एक अवकाशयान, त्यात चार माणसं आणि एक पेटी. पेटीत बियाणं. आपला ग्रह उजाड झालाय आणि बियाणं घेऊन आठ टप्पे पार करून तिथं पोचायचंय. वाटेत लुटारू, आगी, हवेची गळती, आणि मदतीला आल्यासारखे वाटणारे आणखी लुटारू. खेळाचं नाव इंग्रजीत होतं आणि लांबलचक होतं. घरात त्याला ‘जहाज’ असंच नाव पडलं. उत्तमरावांचं पहिलं जहाज चार मिनिटांत जळालं. चारही माणसं गेली. पडदा काळा झाला आणि सगळं पहिल्यापासून मांडून पुन्हा उभं राहिलं. नकाशासुद्धा वेगळा.

त्यांनी अकोल्याला फोन लावला.

“अपेक्षा, ते जहाज वापस कसं आनाचं?”

“येत नाही बाबा.”

“अर्ज करता येते काय?”

“कोणाले?”

“ज्यानं बनवलं त्याले.”

“बाबा, मेलं ते मेलं. त्याची नोंदच पुसून टाकते तो गेम. नवीन सुरू करा.”

उत्तमरावांनी फोन ठेवला. बासष्ट वर्षांत त्यांच्याशी इतकं स्पष्ट कुणीच बोललं नव्हतं. कार्यालयात नकारसुद्धा ‘तूर्तास विचाराधीन नाही’ असा येत असे. आधी त्यांना अपमान वाटला. मग त्यांनी दुसरं जहाज सुरू केलं.

दिवाळीपर्यंत ऐंशी जहाजं बुडाली. जहाज आकाशातलं असलं तरी उत्तमराव ‘बुडालं’च म्हणत. सगळं बुडाल्यावर फक्त एक गोष्ट उरायची, ती म्हणजे आधीच्या मरणातून जे डोक्यात राहिलं ते. निळ्या ताऱ्याजवळ थांबायचं नाही, आग लागली की आधी दारं उघडून हवा सोडायची, जो फुकट इंधन देतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. उत्तमरावांनी पहिल्याच आठवड्यात माळ्यावरून जुन्या नस्त्यांचे, म्हणजे सरकारी फायलींचे, पुठ्ठे काढले होते आणि प्रत्येक जहाजाची स्वतंत्र नस्ती उघडली होती. वर लेस, आत एक कागद. जहाज क्रमांक. पोचलेला टप्पा. मृत्यूचं कारण. आणि शेवटी, कार्यालयात प्रत्येक चौकशीच्या कागदावर असायचा तो रकाना, ‘जबाबदार’.

कार्यालयात तो रकाना चौतीस वर्षं कोराच राहिला होता. सवयीने पहिल्या दहा जहाजांना उत्तमरावांनी तिथं ‘यंत्रणा’ असं लिहिलं. अकराव्या जहाजात मात्र दार त्यांनी स्वतः उघडं ठेवलं होतं, पाहणारं दुसरं कुणी नव्हतं आणि कागद कुठं वर जाणार नव्हता. बराच वेळ पेन हातात धरून त्यांनी लिहिलं, ‘स्वतः’. लिहून झाल्यावर त्यांना आंघोळ केल्यासारखं वाटलं. त्यानंतरच्या प्रत्येक नस्तीत तोच शब्द आला, आणि जहाज दर वेळी थोडं पुढं जाऊ लागलं.

माणसांची नावं खेळ आपणच देई, पण बदलता येत. कप्तान अर्थातच उत्तम. हत्यारांवर मुनव्वर, म्हणजे त्यांच्या कार्यालयातले रेकॉर्ड रूमचे मुनव्वरभाई, जे आता अकोल्याला मुलाजवळ राहत. सगळ्यात पुढच्या, सगळ्यात आधी गोळा लागणाऱ्या खोलीत देवमन. देवमन साहेब हे त्यांचे अकरा वर्षांचे वरिष्ठ. त्यांच्याबद्दल उत्तमरावांच्या मनात काहीही नव्हतं. ते फक्त शंभरपैकी एकोणनव्वद वेळा सगळ्यात आधी मेले. आणि इंजिनात, दुरुस्तीला, रुख्मिणी.

हे रुख्मिणीबाईंना एके दिवशी पडदा पुसताना कळलं.

“हे काय वं बाई? माहं नाव कायले टाकलं इथं?”

“दुरुस्तीत तुयाच हात बसते.”

“मले न इचारता?”

“आता इचारतो. राहतं काय?”

रुख्मिणीबाईंनी फडकं खांद्यावर टाकून थोडा वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. ठिपका इंजिनापाशी उभा होता. “बसाले जागा बी नाई तिथं,” म्हणून त्या आत गेल्या. पण त्या दिवसापासून दुपारची भांडी आटोपली की त्या पाट घेऊन शेजारी बसू लागल्या. बसून संत्री सोलायच्या. त्यांचे भाऊ किसनराव मोर्शीहून दर आठ-दहा दिवसांनी संत्र्यांची पेटी पाठवत आणि ती संपवणं हे एक कामच होतं. फोड उत्तमरावांच्या हातात जाई, तोच हात लॅपटॉपवर जाई.

“हात पुसत जा. बटनं चिकट होतील.”

“हाव.”

पुसत नसत. कारण हात मुख्यतः एकाच बटणावर असे, सगळ्यात खालच्या लांब पट्टीवर. ती दाबली की खेळ थांबतो. लुटाऱ्याचा गोळा हवेत, आग अर्ध्या दारात, आणि सगळं जागच्या जागी. वाटेल तितका वेळ विचार करा. या पट्टीला उत्तमराव ‘प्रलंबित’ म्हणत. एकदा आग लागलेलं जहाज त्यांनी प्रलंबित ठेवलं आणि ते राजकमल चौकात जाऊन चष्मा दुरुस्त करून आले.

नोव्हेंबरच्या शेवटी अपेक्षाचा नवा लॅपटॉप बंद पडला. प्रबंध अर्धा लिहून झालेला. तिने कळवलं, रविवारी येते, जुना घेऊन जाते, दुपारच्या गाडीने वापस.

त्या दिवशी रुख्मिणीबाईंनी जेवताना विषय काढला. “अपेक्षाचे बाबा, चांगलं झालं एका अर्थी. दोन लग्नाले जानं चुकलं तुमचं याच्यापायी. रविवारपर्यंत पोचलं त पोचलं. नाई पोचलं त सोडून द्याचं. दुसरं मशीन या घरात येनार नाई.”

“ठीक आहे.”

“नुसतं ठीक आहे नको. लिहून द्या.”

उत्तमरावांनी लिहून दिलं. ‘दुसरे मशीन या घरात आणले जाणार नाही.’ खाली सही, तारीख. रुख्मिणीबाईंनी कागद कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला.

त्या दुपारी उत्तमराव गच्चीवर एकटेच फेऱ्या मारत होते. त्यांना स्वतःशीच एक गोष्ट कबूल करावी लागली. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो कागद नीट केले. पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. दुसऱ्यांनी सुरू केलेलं, दुसऱ्यांनी चुकवलेलं. त्यांच्या हाताने सुरू झालेलं आणि त्यांच्याच हाताने शेवटाला गेलेलं असं आयुष्यात काही नव्हतं. एक जहाज. एकच. तेवढं पोचवायचं होतं. हातात पाच दिवस होते आणि सातव्या टप्प्यापलीकडे ते कधी गेले नव्हते.

त्यांनी वेळापत्रक आखलं. सकाळी एक जहाज, दुपारी एक. नस्त्या पुन्हा वाचून काढल्या, सगळ्या, एकशे एकोणचाळीस. शुक्रवारपर्यंत आणखी सात बुडाली. एकशे सेहेचाळिसावं आठव्या टप्प्याच्या दारात गेलं आणि हवा संपून गेलं. उत्तमरावांनी ‘स्वतः’ लिहिलं, लेस बांधली आणि मुनव्वरभाईंना फोन केला. बाकी कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

मुनव्वरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ते रेकॉर्ड रूमचे माणूस. त्यांच्या हातून एक कागद कधी हरवला नव्हता, कारण प्रत्येक कागदाची ते एक प्रत जवळ ठेवत. कार्यालयात तिला ओ.सी. म्हणत.

“उत्तमभाऊ, एक गोष्ट सांग. या जहाजाची ओ.सी. काहून नाई ठेवत?”

“म्हंजे?”

“अरे, तो गेम नोंद पुसते म्हनतो ना तू? मंग नोंद कुठं तरी लिहेल असंलच ना. मी आत्ताच आपल्या पोराले, मोहसीनले इचारलं, त्याचं कम्प्युटरचंच दुकान आहे. तो म्हने, एक फाईल असते. जहाज चांगलं चालून राह्यलं असताना ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्याची. मेलं की वापस ठेवून द्याची. बस. जनाजा उठाच्या आधी मानूस उठून बसते.”

उत्तमरावांनी नस्तीची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

“आता कायचा इचार? चौतीस साल आपुन हेच केलं ना भाऊ.”

ते खरंच होतं.

शनिवारी एकशे सत्तेचाळिसावं जहाज निघालं. सातव्या टप्प्यावर सगळं सुरळीत असताना उत्तमरावांनी फाईल पेनड्राइव्हवर उतरवली. अर्ध्या तासाने इंजिनात आग लागली. रुख्मिणीबाई शेजारीच होत्या. त्यांनी पाहिलं की हिरवा ठिपका विझवतोय, विझवतोय, लाल होतोय, आणि मग ठिपका नाही. मागोमाग जहाजही गेलं.

रुख्मिणीबाईंनी हातातलं अर्धं सोललेलं संत्रं ताटलीत ठेवलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भाकर करपल्याचा वास आला. पस्तीस वर्षांत त्यांची भाकर करपली नव्हती.

उत्तमरावांनी पेनड्राइव्ह लावला. फाईल परत ठेवली. जहाज जिवंत झालं. या वेळी आग कुठून येणार हे ठाऊक होतं. त्यांनी ती खोली आधीच मोकळी करून ठेवली. आठव्या टप्प्यावर दोनदा बुडालं, दोनदा परत आणलं. तासाभरात पेटी ग्रहावर उतरली, पडद्यावर हिरवळ पसरली आणि बासरीसारखं काहीतरी वाजलं.

“अवं, इकडं ये. पोचलो,” त्यांनी हाक मारली. “तू बी आहे.”

रुख्मिणीबाई पदराला हात पुसत आल्या. पडद्यावर चार नावं होती. त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं.

“मी त मेली होती.”

“मुनव्वरनं युक्ती सांगतली. ओ.सी. ठेवली होती तुई.”

“म्हंजे मी मेलीच नाई?”

“मेली. पन आता नाई मेली.”

रुख्मिणीबाई पाटावर बसल्या. रागावल्या नव्हत्या. एखादा हिशोब चुकलेला दिसावा आणि कुठे ते सापडू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“मंग मले जे वाईट वाटलं,” त्या म्हणाल्या, “ते आता म्या कुठं ठेवू?”

उत्तमरावांनी पुढ्यात एकशे सत्तेचाळिसावी नस्ती ओढली. जहाज क्रमांक लिहिला. पोचलेला टप्पा, ‘आठ, पूर्ण’. पेन शेवटच्या रकान्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. ‘स्वतः’ लिहिता येईना. पोचवणारा एक पेनड्राइव्ह होता. त्यांना अचलपूरचा शिपाई आठवला. त्याला हयात करताना काहीच पणाला लागलं नव्हतं, कारण तो मेलाच नव्हता. आज जहाज पोचतानाही लागलं नव्हतं, कारण बुडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेजारचा चहासुद्धा गरम असतानाच पिऊन झाला होता.

त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. मग पेनड्राइव्ह उपसून रुख्मिणीबाईंच्या हातात दिला.

“हे कुठं तरी ठेव. मले सांगू नको कुठं.”

“तांदळाच्या डब्यात ठेवते.”

“सांगू नको म्हनलं ना.”

“तुमी कधी काढले तांदूळ?”

रविवारी सकाळी सात वाजता, आंघोळ करून, एकशे अठ्ठेचाळिसावं जहाज निघालं. मुनव्वरभाईंचा आठला फोन आला.

“ओ.सी. ठेवली?”

“नाई.”

“उत्तमभाऊ, बिना ओ.सी.चा कागद तू जिंदगीत सोडला नाई.”

“आज सोडतो.”

“सोच लो.”

“कालचं जहाज पोचलं मुनव्वर. कोनी पोचवलं ते लिहिता नाई आलं मले.”

रेकॉर्ड रूमच्या माणसाला कोरा रकाना कळतो. “मी हत्यारांवर आहे ना?” मुनव्वरभाईंनी विचारलं.

“हाव.”

“मंग निशाना माह्यावर सोड.”

साडेनऊपर्यंत चार टप्पे झाले. उत्तमराव घाई करत नव्हते. दर उडीआधी संबंधित नस्ती काढत, वाचत, बाजूला ठेवत. नस्ती त्रेसष्टमुळे निळा तारा टळला. नस्ती एकशे दोनमुळे एका भल्या चेहऱ्याच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी काहीच घेतलं नाही. पाचव्या टप्प्यावर देवमन साहेब पुढच्या खोलीत गोळा लागूनही जिवंत राहिले, तेव्हा उत्तमरावांनी त्यांना पहिल्यांदाच दवाखान्याच्या खोलीत पाठवलं. “नोकरीत कधी सुटी मांगतली नाई मानसानं,” ते पुटपुटले.

दहाला अपेक्षा आली. बॅग दारात ठेवली, आईला विचारलं, “झालं काय?” आणि पडदा पाहून ती थांबली. सहावा टप्पा. हॉस्टेलात असताना दोन वर्षं खेळूनही ती पाचव्यापुढे गेली नव्हती. हे तिने बाबांना कधी सांगितलं नव्हतं. ती हळूच खाटेच्या कडेला बसली.

“ऑटो बारा वाजता येते, बाबा. बडनेऱ्यावरून एकची गाडी आहे.”

“बाराले अजून दीड तास आहे.”

“दोन आहेत.”

“मंग अजूनच चांगलं.”

साडेअकराला आठवा टप्पा लागला. ग्रह समोर दिसत होता, चवलीएवढा, तपकिरी. त्याच्या आणि जहाजाच्या मधे लुटाऱ्यांचं शेवटचं, मोठं जहाज. मुनव्वरने दोनदा नेम धरला आणि दोन्ही लागले. तिसऱ्या वेळी समोरून गोळा आला आणि थेट इंजिनात बसला. इंजिन बंद. खोलीत आग, आणि भिंतीला भोक. आत हवाच नाही. इंजिन बंद म्हणजे हालचाल नाही, आणि समोरच्याचा पुढचा गोळा भरायला लागलेला. पडद्यावर एक लाल पट्टी सरकत होती. ती भरली की संपलं.

उत्तमरावांचा अंगठा खालच्या लांब पट्टीवर गेला. प्रलंबित.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. पट्टी खाली गेली आणि खालीच राहिली. दोन महिने मोर्शीचा रस जात होता तिच्याखाली. लाल पट्टी सरकत होती.

“काय झालं?” अपेक्षा वाकून म्हणाली.

“थांबून नाई राह्यलं.”

“संत्री,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. एवढंच. वर आणखी काही म्हणाल्या नाहीत, आणि हे त्यांचं मोठेपण अपेक्षाने पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं.

इंजिन सुरू करायला कुणीतरी त्या खोलीत जायला हवं होतं. जो जाईल त्याला हवा नाही, वर आग. उत्तमरावांनी देवमन साहेबांवर बोट ठेवलं. देवमन साहेब दवाखान्यातून निघाले, नोकरीत निघत तसेच, आस्ते.

“त्या साहेबानं जिंदगीत काई दुरुस्त केलं काय?” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “तो पोचेस्तोवर गोळा पोचते. पाठवा मले.”

“थांब वं. इचार करू दे.”

“ते थांबून राह्यलं काय तुमच्या इचारासाठी? मी दाराशीच उभी आहे. पाठवा.”

“वापस येनार नाई तू.”

“माईत आहे.”

“ओ.सी. नाई ठेवली.”

“मले माईत आहे ना. मीच त डब्यात टाकला तो.”

लाल पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. उत्तमरावांच्या लक्षात आलं की शेजारचा चहा तसाच गार झालाय. काल गरमच पिऊन झाला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या पडद्याकडेच पाहत होत्या, हातात संत्र्याची साल, जशी काही दळणाला निघालेली बाई कुलूप लागलं का ते पाहते.

त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो इंजिनाच्या खोलीत पाठवला.

ठिपका दारातून आत गेला. आगीला त्याने हात लावला नाही, थेट इंजिनापाशी. दुरुस्तीची रेघ भरू लागली. ठिपका पिवळा झाला. रेघ अर्धी. ठिपका नारिंगी. अपेक्षाने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला, कारण त्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता. ठिपका लाल. रेघ पूर्ण झाली, इंजिन धडधडलं, जहाज एका बाजूला सरकलं आणि समोरचा गोळा अंगावरून निघून गेला. “मार आता मुनव्वर,” उत्तमराव अगदी हळू म्हणाले. मुनव्वरने मारला. समोरचं जहाज मधोमध फाटलं.

इंजिनाच्या खोलीत आता कुणी नव्हतं.

ग्रह मोठा होत गेला. पेटी उतरली. हिरवळ पसरली, ती बासरी वाजली. पडद्यावर तीन नावं आली, आणि त्यांच्या खाली, फिकट अक्षरात, चौथं.

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“पोचलं काय?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

“पोचलं.”

“सगळे?”

“तू सोडून.”

रुख्मिणीबाईंनी ते फिकट नाव एकदाच वाचलं. “मंग ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. “अपेक्षा, चहा घेऊन जाय. मेलेल्या बाईच्या हातचा चालत असंल त.”

उत्तमरावांनी नवा पुठ्ठा घेतला. जहाज क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस. पोचलेला टप्पा, आठ, पूर्ण. मृत्यूचं कारण या रकान्यासमोर त्यांनी लिहिलं, ‘इंजिन सुरू करताना. रुख्मिणी उत्तमराव गावंडे.’ मग शेवटचा रकाना. पेन जराही अडलं नाही. ‘स्वतः,’ त्यांनी लिहिलं. थोडं थांबून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुढे जोडलं, ‘व ती.’ लेस बांधली. गाठ दुहेरी मारली, म्हणजे ही नस्ती पुन्हा उघडायची नाही.

बाराला ऑटो आला. अपेक्षा लॅपटॉप बॅगेत घालायला लागली. उत्तमराव खुर्चीतच बसून होते. आता समोरच्या टेबलावर नुसता चौकोनी डाग राहणार होता, आणि उद्यापासून बातम्या. त्यांनी सही केली होती; सही ही गोष्ट त्यांच्या लेखी शुद्धिपत्रकापलीकडची होती.

रुख्मिणीबाई आतून आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत दोन लुगडी.

“तू कुठं?” उत्तमरावांनी विचारलं.

“अकोल्याले. पोरगी लिहून लिहून वाळून चालली. आठ दिवस करून घालते तिले. दुपारी तिचं मशीन मोकळं असते का नाई, अपेक्षा?”

“दुपारी शेतावर असतो आम्ही, बोंडं मोजाले. काहून?”

“असंच.” रुख्मिणीबाईंनी करंड्याखालचा कागद काढला, घडी उघडली आणि वाचून दाखवला. “दुसरे मशीन या घरात आणले जाणार नाही. या घरात. अकोल्याच्या खोलीबद्दल यात काई लिहेल नाई. अन मशीन बी तेच आहे, दुसरं नाई.”

उत्तमरावांनी कागद हातात घेऊन पाहिला. आदेश बिनचूक होता. त्यांनीच लिहिला होता.

“या बारीले मी कप्तान,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “तुमी इंजिनात राहा. मी पाह्यते तुमाले कधी पाठवाचं ते.”

“अन देवमन साहेब?”

“त्यायले घरी राहू द्या. थकले ते.”

उत्तमराव उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि पाणी बंद आहे का ते पाहून आले. कोऱ्या नस्त्यांचे पुठ्ठे किती न्यावेत हे ठरवायला त्यांना वेळ लागला. शेवटी त्यांनी पंचवीस घेतले, दोरीने बांधले. ऑटोत बसताना अपेक्षा म्हणाली, “बाबा, ते खालचं बटन अकोल्याले दुरुस्त करून घेते. मोहसीनदादाच्या दुकानात.”

“नको,” नवरा-बायको एकदमच म्हणाले.

“नको काहून?”

“थांबलं नाई म्हनून पोचलं ते,” उत्तमराव म्हणाले. “तसंच राहू दे.”

“बाबा, मला प्रबंध लिहायचा आहे त्याच्यावर. ते बटन नसलं तर दोन शब्दांमधे जागा कशी सोडू मी?”

ऑटो साईनगरातून बडनेरा रोडला लागला. उत्तमरावांनी पुठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर नीट केला आणि या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला, मग खिशातलं पेन चाचपलं.

“किती पानं राह्यली तुई?” त्यांनी विचारलं.